दोनशे एकोणपन्नास ग्रॅम

पाव किलोला एक ग्रॅम कमी.
शहापुरातल्या मिठाईवाल्याच्या तराजूत घालून बघितलाय मी:
कुंद्याचा पुडा खाली बसला, माझा ड्रोन वर गेला.
त्या एका ग्रॅमवर माझं पोट आहे.
अडीचशेच्या वर कागद, शिक्के, हेलपाटे.
खाली असला की खेळणं.

लग्नं करतो मी. म्हणजे वरून करतो.
कडोली, येळ्ळूर, कधी चंदगडच्या अंगाला.
सांबऱ्याकडची सुपारी घेत नाही,
विमानतळापाशी नकाशा लाल होतो
आणि मशीन दावं ताणलेल्या म्हशीसारखं
जागचं हलत नाही.

वऱ्हाड निम्मं मराठी, निम्मं कानडी,
म्हणून शेवटच्या अक्षता पडल्या की दोन्हींत ओरडतो:
वर बघा! मेले नोड्री!
आणि बघतात. अजून नवल वाटतं मला.
फेटे मागं सरकतात, काकवा हात हलवतात,
आचारी झारा उंच धरतो,
पाचशे तोंडं, धोतरावर वाळत घातलेल्या
सांडग्यांसारखी उन्हात.

बेळगुंदीत, बोकमूरकरांच्या लग्नात, तसंच झालं.
रात्री एडिटिंगला बसलो तेव्हा दिसलं:
डावीकडे, पाण्याच्या पिंपाजवळ,
एक पाठ.
ताणलेला पांढरा शर्ट,
त्याखालून बाहेर आलेली लाल परकराची कड.
नऊ सेकंद.
मग पाठ उठते, गुडघे झटकते,
पोरीच्या केसांतले तांदूळ वेचल्यासारखं करते.

नागोजी. नवरीचा मामा, हवालदार, सुट्टीवर आलेला.
कॅम्पातल्या मैदानावर तो भरती झाला
त्या दिवशी मीही होतो रांगेत,
माझी छाती दोन सेंटिमीटर कमी भरली.

नवरीच्या बापाचा फोन आला,
तेवढं ते काढून टाक की गा, बरं दिसत नाही.
काढलं. तिथं रुखवत घातला.

चौथ्या दिवशी तोच आला दुकानात.
बसला नाही. दाखव म्हणाला.
तळहातावर घेतला, उलटा केला,
पोटाखालून अंगठा फिरवला,
जिथं काहीच नसतं तिथून.
"तिकडंबी एवढाच असतोय. आवाज तर हाच.
आधी कुत्री गप होतात."
पुढचं बोलला नाही. मी चहा सांगितला.

चहा निवला तसे
रताळी काढून मोकळ्या पडलेल्या रानात गेलो.
रिमोट त्याच्या हातात दिला.
बोट हलकं आहे त्याचं, माझ्यापेक्षा.
राकसकोपच्या पाण्याकडं नेला,
तिथून तुडयेच्या हद्दीत, म्हणजे महाराष्ट्रात,
परत आणला. कुठं काही वाजलं नाही.
मग आमच्याच डोक्यावर उभा केला.

पडद्यावर तांबडी माती, दोन माणसं.
एक मी, वर बघत, सवयीनं दात काढलेला.
दुसरा पडद्यात मान घालून
पडद्यातली आपली पाठ बघत.
"असं दिसतंय होय," म्हणाला,
"वरच्याला."
मला काय बोलावं सुचेना.
म्हटलं, बॅटरी संपत आली.

मशीन आपोआप उतरायला लागलं.
त्यानं रिमोट मला दिला,
पाय फाकवून उभा राहिला.
दहा मीटर. सहा. माती उडाली.
मूठ आवळलेली होती, पण मान
हळूहळू, गंजलेली कडी काढावी तशी,
वर आली.
किती वर, ते सांगत नाही.

ते नऊ सेकंद अजून आहेत माझ्याकडं.
पोरगी मोठी झाली की मागेल,
नाहीतर नाही मागणार.

एक मात्र झालंय.
हल्ली पंखे फिरायच्या आधीच मी मांडवात शिरतो,
आचाऱ्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांना सांगत:
आवाज येईल हो आता, आपलाच आहे, आपलाच!
नम्दे री, नम्दे!
लोक हसतात.